मथुराची हाक

मथुरा आमच्याकडे बहारीनला आली ती चौऱ्याहत्तर साली, शलाकाला सांभाळायला. शिरीष बँकेत अकाउंटंट, मी एका शिपिंग कंपनीत टायपिस्ट आणि आमची शलाका अजून धड चालतही नव्हती. माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांनी कळवलं होतं, "उभादांड्याची बाई आहे, गाबितांची, मासे मारणाऱ्यांची. नवरा समुद्रात गेला. तोंडानं फटकळ आहे, पण मूल तिच्या हातात बिनघोर द्यावं."

विमानतळाच्या दारातून ती बाहेर आली आणि गरम वाऱ्याचा झोत अंगावर आला. तिनं पदर तोंडावर ओढला आणि माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते हे, "वयनी, हंय कोणी चूल पेटवून ठेवल्यान काय?"

मनामा शहरातल्या आमच्या त्या दोन खोल्यांत ती बघता बघता रुळली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी हिंदी, मासळीबाजारात चार अरबी शब्द आणि बाकी सगळीकडे मालवणी. मासळीबाजारात तिची ऐट बघण्यासारखी असायची. हमूर मासा बोटानं दाबून बघायची, कल्ला उघडायची आणि विकणाऱ्याच्या तोंडावर "खलास!" म्हणून पुढे जायची. तो हसून तिला परत बोलवायचा. वेंगुर्ल्याला तिनं डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकले होते, तिला कोण फसवणार!

तिची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. नवरा शंभू होडीवर जायचा. एका कार्तिकात वादळ झालं. होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागली, बरोबरचे दोघे पोहत आले, शंभू आला नाही. त्याचं प्रेतही मिळालं नाही. "मडा गावला असता तर रडून मोकळी तरी झालंय असतंय," ती म्हणायची. मुलगी मालू तेव्हा रांगत होती. मोठ्या दिरानं या दोघींना घरात ठेवून घेतलं. जाऊ काशीबाई मायेची, तिला मूलबाळ नव्हतं. मालूची छाती नाजूक, दर पावसाळ्यात दम लागायचा. औषधपाण्याला पुरेल एवढं मासे विकून मिळत नव्हतं, म्हणून सहा वर्षांच्या मालूला काशीबाईच्या हवाली करून मथुरा विमानात बसली होती.

दोन वर्षांनी ती रजेवर गेली. जाताना मालूसाठी लाल फ्रॉक घेतला होता, बाजारात अर्धा दिवस घालवून. आणि महिन्याची रजा असताना पंधरवड्यातच परत आली. मी विचारलं तर म्हणाली, "पोर बरी आसा. दमबिम काय नाय." बस्स. त्यानंतर तिनं रजेचं नाव काढलं नाही. पुढच्या खेपेला शिरीषनं तिकिटाचं विचारलं तर हात झटकून म्हणाली, "मफी, नाय जावचा. पोराक तिकडेच बरा आसा." आम्हाला वाटलं, कामाचं वेड असेल.

शलाका पहिलीत गेली त्या वर्षी बिल्डिंगच्या जिन्यावरून पडली आणि तिची हनुवटी फुटली. मथुरा आणि मी तिला घेऊन सलमानियाच्या हॉस्पिटलात गेलो. टाके घालून झाले आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोरच्या बाकावर एक जपानी बाई, मांडीवर तान्हं मूल. मूल तापानं फणफणलेलं, रडून रडून आवाज बसलेला. बाईच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा मात्र नीट, जणू रडतंय ते दुसरंच कोणी. ती कोणाला काही विचारत नव्हती. मथुरा तिच्याकडे बघत राहिली, मग उठली, शलाकाला माझ्या अंगावर टेकवलं आणि सरळ जाऊन ते मूल तिच्या हातातून घेतलं.

"अगं, विचार तरी!" मी म्हटलं.

"इचारतलंय काय? तिका माझी भाषा येता?"

तिनं मुलाला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवत मालवणीत काहीबाही पुटपुटत राहिली. मूल निवांत झालं. जपानी बाई उभी राहिली आणि तिनं कमरेत वाकून मथुराला नमस्कार केला. मथुरा गडबडली. एवढ्या लोकांत कोणी तिला वाकून नमस्कार केला नव्हता.

त्या बाईचं नाव फुमिए. नवरा सित्रातल्या एका कारखान्यात इंजिनीअर, घर रिफाला. मुलीचं नाव युको. नवरा पहाटे कंपनीच्या गाडीनं जायचा तो अंधार पडल्यावर यायचा आणि त्या मोठ्या घरात फुमिए तान्ह्या मुलीला घेऊन एकटी. त्यानंतर ती दर आठवड्याला आमच्याकडे येऊ लागली. बोलायची माझ्याशी, इंग्रजीत, शब्द शोधत शोधत. पण येऊन बसायची मथुराच्या जवळ, स्वयंपाकघरात, पाटावर. शलाका शाळेत रमली होती, आम्हाला आता पूर्ण वेळच्या माणसाची गरज उरली नव्हती. मथुराचा व्हिसा फुमिएच्या नवऱ्याच्या नावावर ट्रान्सफर झाला आणि ती रिफाला राहायला गेली. सुटीचा शुक्रवार मात्र आमचा. हाशिम नावाच्या म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याबरोबर ती सकाळी यायची, मासे घेऊनच.

त्या दोघींचं कसं जमायचं ते देव जाणे. मथुरा तिला फुमीबाय म्हणायची, ती हिला मथुरासान. फुमिए सोलकढी प्यायला शिकली. मथुरा चिकट भात करायला शिकली, पण "ह्यो भात नाय, खळ" असं मला दर वेळी सांगायची.

ब्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. फुमिएच्या भावानं जपानहून काही व्हिडिओ कॅसेट पाठवल्या होत्या. एका शुक्रवारी तिनं मथुराला घरीच थांबवून मला मुद्दाम दुपारी बोलावलं. म्हणाली, जुना चित्रपट आहे, माझ्या लहानपणचा. मथुराला दाखवायचाय, पण समजावून सांगायला तू हवीस. नाव सांगितलं होतं तिनं, पण ते जपानी नाव काही माझ्या लक्षात राहिलं नाही.

युको आत झोपली होती. आम्ही तिघी सतरंजीवर बसलो. काळापांढरा चित्रपट. युद्ध संपलेलं, शहर जळून सपाट झालेलं, आणि त्यात एक तरुण बाई, कडेवर मुलगी. नवरा लढाईवर गेलेला, तो आहे की नाही कोणालाच माहीत नाही. बाई विटा वाहते, स्टेशनाबाहेर उकडलेली रताळी विकते. फुमिए मधूनच बटण दाबून चित्र थांबवायची, मला इंग्रजीत सांगायची, मी मथुराला मराठीत. थोड्या वेळानं मथुरा म्हणाली, "वयनी, थांबवू नका. माका समाजता."

तिला समजत होतं. रताळ्याची टोपली डोक्यावर घेताना ती बाई मान कशी सावरते ते बघून मथुराची मानसुद्धा ताठ झाली.

मुलगी खोकून खोकून झिजत जाते. बाई तिला डोंगरातल्या गावी मोठ्या दिराच्या घरी पोचवते आणि कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला लागते. हात कोपरापर्यंत काळे. वर्षं जातात. मग एकदा नवं लुगडं, म्हणजे त्यांचा तो किमोनो, नेसून ती मुलीला आणायला निघते. पाऊस पडत असतो. शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहते. आत मुलं खेळत असतात. मुलगी केवढी मोठी झालेली, गाल भरलेले, हसणारी. तेवढ्यात तिची काकू छत्री घेऊन येते, आणि मुलगी "आई!" म्हणत तिच्याकडे धावते.

बाई कुंपणापाशी तशीच उभी.

"हाक मार गे," मथुरा हळूच म्हणाली.

पडद्यावरच्या बाईनं मुलीसाठी आणलेले बूट कुंपणाच्या कठड्यावर ठेवले.

"हाक मार! अगे, हाक मार!" मथुरा गुडघ्यांवर उठली होती. पण बाई वळली आणि स्टेशनाच्या वाटेनं चालू लागली. रिकामा रस्ता, पाऊस, आणि चित्रपट संपला.

फुमिएनं डोळे पुसले. म्हणाली, "आमच्याकडे या ठिकाणी सगळं थिएटर रडायचं. लोक म्हणायचे, आई असावी तर अशी. मुलीच्या सुखासाठी स्वतःला पुसून टाकणारी."

मी मथुराला सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर इतका राग मी कधी पाहिला नव्हता.

"सांगा तिका, ह्यो चांगुलपणा नाय. ही बाय भियाली. पोरान 'तू कोण' म्हणून इचारला तर काय, ह्याका भियाली. माका ठावक आसा. माका इचारा!"

आणि मग, इतक्या वर्षांनी, ती लाल फ्रॉकची गोष्ट बाहेर आली. मालू ओसरीवर खेळत होती. मथुरानं पिशवीतून फ्रॉक काढून तिच्या हातात दिला. पोर हरखली आणि धावत आत गेली, "आये, बघ, मथुराकाकीन माका काय हाडल्यान!" आत चुलीपाशी काशीबाई होती. तिला आये म्हटलं होतं, आणि जन्म देणारीला गावातल्या पोरांसारखं काकी. मथुरा ओसरीवर उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. पंधरा दिवस काकी होऊन राहिली आणि परत आली. "पोर सुखात आसा, आपण कित्याक मधी जावचा, असा मी म्हटलंय. खोटा म्हटलंय. माका सोसवणा नाय होता, म्हणान पळान इलंय."

हे सगळं मी इंग्रजीत सांगत गेले. फुमिए ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं टीव्ही बंद केला, हात मांडीवर ठेवले आणि खाली बघत बोलू लागली. मी तिला एवढं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

ती युद्धाच्या अखेरच्या वर्षात जन्मली. वडील दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरून परतले नाहीत. आईनं तिला गावी काकाकडे ठेवलं आणि शहरात सूतगिरणीत गेली. एकदा, फुमिए नऊ-दहा वर्षांची असताना, आई शाळेच्या कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली.

"मी तिला पाहिलं," फुमिए म्हणाली. "ती कोण ते मला माहीत होतं. म्हणून मी मुद्दाम काकूकडे धावले. मुद्दाम मोठ्यानं तिला आई म्हटलं. मला वाटलं, ती रागावेल. आत येईल, मला दंडाला धरून ओढून नेईल. पण ती निघून गेली. पुढे आम्ही भेटायला लागलो, मी मोठी झाल्यावर. आई हा चित्रपट आवडीनं बघायची. म्हणायची, मीसुद्धा असंच केलं. तिला त्याचा अभिमान होता. मी वाट बघत होते हे मी तिला कधी सांगितलं नाही. आता सांगायला ती नाही."

मी मथुराला एकेक वाक्य सांगत गेले. मग मथुरानं पुढे सरकून, हॉस्पिटलात त्या तापलेल्या पोरीच्या पाठीवरून फिरवला होता तसाच हात फुमिएच्या पाठीवरून फिरवला. आणि मला म्हणाली, "वयनी, तिका माझ्या रजेचा इचारा."

विचारायची गरज नव्हती. फुमिए आधीच होकाराची मान हलवत होती.

त्या आठवड्यातच मथुरा गेली. पुढचं तिनं परत आल्यावर मला सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात बसून.

ती दुपारच्या एस.टी.नं उतरली. घरापासून बऱ्याच लांबूनच तिनं हाक मारली, "माले! गो माले!" शेजारपाजारच्या बायका दारात आल्या. मालू बाहेर आली. चौदा वर्षांची, उंच, डिट्टो शंभू. तिनं मथुराकडे बघितलं आणि वळून समुद्राकडे चालू लागली. मथुरा सामान वाटेतच टाकून तिच्या मागे गेली. मालू वाळूत बसली, मथुरा थोडं अंतर राखून बसली. होड्या ओढून ठेवल्या होत्या, जाळी सुकत होती.

मग मालू म्हणाली, "माका कित्याक सोडलंस?"

"तुका जगवूक. औषधाक पैसे नाय होते."

"ता माका ठावक आसा. आयेन सांगितला हा. पण मगे येवचा कित्याक सोडलंस?"

"तू तिका आये म्हटलंस म्हणान."

मालू उसळली. "मी तेव्हा आठ वर्सांची होतंय! तू तर मोठी होतंस ना?"

"वयनी," मथुरा मला म्हणाली, "मी म्हटलंय, व्हय बाये, मी मोठी होतंय. तुझा खरा." आणि मग मालू रडली, आणि हिनं तिला जवळ ओढली. तिनं अंग आखडून घेतलं, पण उठून गेली नाही.

घरात काशीबाई चुलीपाशी बसली होती, हातातलं काम थांबलेलं. मथुरा आत आल्याबरोबर तिनं विचारलं, "नेतलंस काय गे तिका?" मथुरानं वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "तुझ्याकडसून नेऊन खंय जातलंय? तू होतंस म्हणान ती जगली. माका फक्त तिची आवस होऊक दी. तू तिची आये आसस ती आसच." काशीबाईनं तिला उठवलं आणि दोघी जावा चुलीच्या धुरात बसून पोटभर रडल्या.

हाक कशी मारायची, हा प्रश्न मालूनंच सोडवला. काशीबाई तिची आये होती, ती आयेच राहिली. मथुराला ती 'आवशी' म्हणू लागली, मालवणीत तीही आईच, आधी थोडं चिडवल्यासारखं, मग सवयीनं. या खेपेला मथुरा पूर्ण रजा काढूनच परतली.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा झाल्यावर, मालू बहारीनला आली. व्हिजिट व्हिसाची सगळी धावपळ फुमिएच्या नवऱ्यानं केली. मे म्हणजे तिथला उन्हाळा सुरू झालेला, पण मालूला कशाचंच काही वाटत नव्हतं. आमच्या शलाकाशी ती मालवणीत बोलायची, शलाका इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि दोघींचं तासन् तास चालायचं.

पहिल्या शुक्रवारी आम्ही रिफाला जेवायला गेलो. फुमिएनं दारातच मालूला वाकून नमस्कार केला. मालूही घाईघाईनं वाकली, तिच्याहून जास्त. मग ती मला म्हणाली, "काकी, ह्येंका सांगा, तुम्ही माझ्या आवशीक घराकडे धाडलात. मी इसरूचंय नाय."

मी सांगितलं. फुमिए काही बोलणार तोच स्वयंपाकघरातून मथुराचा आवाज आला, "माले! गो माले! घावणे निवतत, मगे काय थंडच खातलंस?"

फुमिए खळखळून हसली. हसता हसता डोळे टिपले. "किती मोठ्यानं हाक मारते ही," ती म्हणाली. "आमच्या शाळेपर्यंत ऐकू गेली असती."

पुढच्या वर्षी फुमिएच्या नवऱ्याची बदली परत जपानला झाली. विमानतळावर छोट्या युकोनं मथुराच्या गळ्यात मिठी मारली ती सोडीना. मथुरानं तिला मालवणीत समजावलं, आणि ते युकोला समजलं. फुमिए गेल्यावर मथुरा पुन्हा मनामात आली, एका बालवाडीत मुलं सांभाळू लागली. मालूनं कोल्हापूरला नर्सिंग केलं. त्या शिक्षणाचं नाव निघालं की मथुरा आधी काशीबाईचे आभार मानायची, मग फुमीबायचे, मग माझे, आणि शेवटी, अगदी मनापासून, "त्या सिनेमातल्या बायचे. बापडी स्वतः चुकली, पण माका वाट दाखवून गेली."

मला नेहमी वाटतं, आभार आम्हीच मानायला हवे होते. माझी मुलगी तिच्या खांद्यावर वाढली, आणि माणसानं आपल्या माणसाकडे उशिरा का होईना पण जावं, हे मी तिच्याकडून शिकले. मथुरा मालूला भेटून आली त्या वर्षीपासून मी माझ्या थोरल्या बहिणीला दर महिन्याला फोन लावू लागले. त्याआधी आमचं बोलणं बंद होतं. कारण सांगण्यासारखं नाही, तेवढं मोठंही नाही.

अठ्ठ्याऐंशीत मथुरा कायमची गावी गेली. दीर वारले होते, काशीबाईला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. पुढच्या मे महिन्यात आम्ही उभादांड्याला गेलो. दोघी जावा परसात मासे साफ करत बसल्या होत्या आणि तिरफळं किती घालायची यावर भांडत होत्या. मालू तालुक्याच्या दवाखान्यातून ड्युटी संपवून आली. "भूक लागली!" एवढंच ती म्हणाली, आणि दोघी एकदम उठल्या.

"एकीनच उठा गे," मालू पाय धूत म्हणाली. "ताट एकच आसा."

दोघींपैकी कोणीच बसलं नाही.